चित्र आलं, आवाज अडला कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. घरचा असेंबल केलेला पीसी, आय-५ प्रोसेसर, विंडोज १०. ओळखीतल्या एकाकडून सेकंडहँड एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड घेतलंत, बसवलंत आणि त्याच्या मागून केबल ओढून हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडलीत. चित्र झकास, आवाज शून्य. पीसीला स्पीकरची पिन लावली की गाणी वाजतात. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लावला की टीव्हीही बोलतो. म्हणजे दोघंही धडधाकट, पण एकमेकांशी अबोला. तुम्ही रिअलटेकचा ड्रायव्हर, म्हणजे पीसीतल्या आवाजाच्या चिपला चालवणारा प्रोग्रॅम, तीनदा काढून पुन्हा टाकलात, शेवटी फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं घातलीत, तरी काही फरक नाही. आता विचारताय, टीव्ही बिघडलाय की कार्ड?

बहुधा दोन्ही नाही. वीस-बावीस वर्षं मी हेच काम करतोय आणि 'चित्र आहे, आवाज नाही' या तक्रारीत प्रत्यक्ष पार्ट बदलावा लागला असे प्रसंग फार थोडे. पण तुम्ही दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत, आणि उत्तर नेमकं त्यांच्यावरच अवलंबून आहे. एक, कार्डाचं मॉडेल. दोन, केबलचं कार्डाकडचं टोक कसं आहे: चपटं छोटं एचडीएमआय, की दोन बाजूंना स्क्रू असलेलं रुंद पांढरं डीव्हीआय. ही माहिती येईपर्यंत मी तुम्हाला 'अमुक बटण दाबा, झालं' असं सांगणं खोटं ठरेल. म्हणून मी माझ्या टेबलावर ज्या क्रमानं शोध घेतो, तो क्रम सांगतो.

आधी रिअलटेकचा विषय संपवू. तुमची गत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी झाली आहे. रिअलटेकची चिप मदरबोर्डवर असते आणि पीसीच्या मागच्या हिरव्या-गुलाबी-निळ्या जॅकपुरतं तिचं राज्य. ग्राफिक्स कार्डातून टीव्हीला जाणारा आवाज तिच्याकडून जातच नाही. कार्डाच्या मुख्य चिपमध्येच एक वेगळं, छोटं साउंड कार्ड असतं. म्हणजे तुमच्या पीसीत सध्या दोन साउंड कार्डं आहेत, आणि विंडोज एका वेळी त्यांतल्या एकालाच 'डिफॉल्ट' मानते. हिरव्या जॅकमधून आवाज येतोय याचा अर्थ विंडोज सध्या रिअलटेकला आवाज देतेय. तो टीव्हीत येणार तरी कसा? (एक जुना अपवाद आहे, तिथे हा नियम उलटा होतो. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तुमचं कार्ड सेकंडहँड आहे म्हटल्यावर मला त्याचीच शंका जास्त येतेय.)

तर पहिली तपासणी. टीव्ही चालू ठेवा, त्यावर पीसीचं चित्र दिसत असू द्या, आणि एखादं गाणं लावून ठेवा. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, आणि येणाऱ्या चौकटीत 'एमएमएसवायएस डॉट सीपीएल' हे इंग्रजी अक्षरांत टाईप करून एंटर मारा. साउंडची जुनी खिडकी उघडते. विंडोज १० आणि ११ मध्ये नवी, गुळगुळीत सेटिंग्ज आहेत, पण मला अजून ही जुनीच आवडते. कारण हिच्यात प्रत्येक साधनाच्या शेजारी एक उभी पट्टी असते आणि आवाज ज्याच्याकडे जातोय त्याची पट्टी हिरवी होऊन नाचते. मला एवढंच बघायचं असतं: पट्टी कुणाची नाचतेय?

स्पीकर्सची नाचत असेल तर आवाज चुकीच्या दारात उभा आहे. यादीत टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि त्याखाली 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' असं काही दिसत असेल, तर त्यावर क्लिक करा, खाली 'सेट डिफॉल्ट' दाबा. एएमडीच्या कार्डाला तिथे एएमडीचं नाव असतं, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ'. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच संपतं. पैसे काय घ्यायचे हा प्रश्न पडतो, मग चहावर भागवतो. डिफॉल्ट बदलल्यावर ब्राउझर किंवा प्लेअर एकदा बंद करून पुन्हा उघडा. काही प्रोग्रॅम सुरू होताना पकडलेलं साधन सोडत नाहीत. शिवाय विंडोज १० मध्ये २०१८ पासून प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं साधन नेमता येतं, त्यामुळे सगळ्यांचा आवाज टीव्हीत आणि एकाचाच स्पीकरमध्ये, असाही घोळ होऊ शकतो.

टीव्हीच्या नावाची पट्टी नाचतेय आणि तरीही टीव्ही गप्प असेल, तर पीसीनं आपलं काम केलंय. मग पीसी सोडा आणि केबल-टीव्हीकडे वळा. पट्टी कुणाचीच नाचत नसेल तर गाणं वाजवणारा प्रोग्रॅमच म्यूट आहे किंवा अडकलाय.

आणि टीव्हीचं नाव यादीतच नसेल? तर खरा तपास इथून सुरू होतो. आधी त्या यादीत रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'डिसेबल्ड' आणि 'डिस्कनेक्टेड' साधनं दाखवा, या दोन्ही ओळींवर टिक करा. डिसेबल्ड दिसलं तर एनेबल करा. 'नॉट प्लग्ड इन' दिसलं तर ती खूण लक्षात ठेवा: कार्डाचं साउंड कार्ड हजर आहे, पण समोर आवाज घेणारा कुणी आहे असं त्याला वाटत नाहीये.

असं का वाटावं, ते समजायला एचडीएमआयच्या पोटात डोकवावं लागेल. थोडं लांबण लावतोय, पण हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पुष्कळांची समजूत असते की केबलमध्ये चित्राच्या तारा वेगळ्या आणि आवाजाची वेगळी, आणि आवाज नाही म्हणजे ती एक तार तुटली. तसं नाही. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ च्या डिसेंबरमध्ये आला, तो त्याआधीच्या डीव्हीआयवर बेतलेला. डीव्हीआय कॉम्प्युटरच्या मॉनिटरसाठी होतं, त्यात आवाजाची सोय नव्हती. एचडीएमआयवाल्यांनी त्याच तारांत आवाज बसवला, तो असा. टीव्हीचं चित्र ओळीओळीनं जातं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात एक ओळ रंगवून झाली की इलेक्ट्रॉनच्या झोताला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परतायला वेळ लागायचा, म्हणून सिग्नलमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत पडली. ट्यूब गेल्या, मोकळी जागा राहिली. १९२० बाय १०८० चं चित्र आपण म्हणतो, पण तारेवरून प्रत्यक्षात २२०० बाय ११२५ एवढी जागा जाते. उरलेल्या जागेत चित्र नसतं. माल टाकून रिकामा परतणारा टेम्पो असतो ना, त्यात येताना दोन गोण्या टाकाव्यात, तसा एचडीएमआयनं आवाज त्या परतीच्या फेरीत टाकला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चित्र स्वच्छ येत असेल तर आवाज नेणाऱ्या ताराही शाबूत आहेत, कारण त्या त्याच आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची. त्या परतीच्या टेम्पोत गोण्या टाकायच्या की नाही, हे कार्ड ठरवतं, आणि ते टीव्हीला विचारून ठरवतं.

टीव्हीच्या आत एका बारक्या चिपमध्ये त्याची कुंडली लिहिलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. केबल लागली की कार्ड ती वाचतं. पहिल्या १२८ बाइटमध्ये कंपनी, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन वगैरे. त्यानंतरच्या जोडपानात 'मला आवाज घेता येतो, अमुक प्रकारचा, इतक्या चॅनलचा' हे असतं. कार्डाला ते जोडपान मिळालं नाही, तर समोर नुसता मॉनिटर आहे असं समजून ते डीव्हीआय पद्धतीनं फक्त चित्र पाठवतं. चित्र येतं. गोण्या गोदामातच राहतात. ज्यांनी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरलाय त्यांना हे पटकन कळेल. त्याच्या जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एचडीएमआय ड्राइव्ह' नावाची ओळ असते, १ लिहिलं तर आवाजाविना डीव्हीआय, २ लिहिलं तर आवाजासह एचडीएमआय. केबल तीच, टीव्ही तोच, फरक एका आकड्याचा.

ही कुंडली वाचायच्या तारा मात्र चित्राच्या तारांहून वेगळ्या असतात. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ नंबरच्या. म्हणजे 'केबल खराब' हे म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त लोक समजतात त्या अर्थानं बरोबर नाही. या बारीक तारांपैकी एखादी सुटली, तर चित्र येऊनही आवाज जाऊ शकतो. तेव्हा दुसरी खूणही दिसते: रिझोल्यूशन नेहमीचं मिळत नाही, अक्षरं ढोबळ दिसतात, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांच्या विंडोजमधल्या यादीत, मॉनिटरच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं येतं. त्यातला 'नॉन' महत्त्वाचा, म्हणजे कुंडली वाचता आलेली नाही. तुमचं चित्र झकास आहे म्हणता, तेव्हा तुमच्याकडे ही शक्यता मी खालच्या क्रमांकावर ठेवतो.

मधल्या डबीचाही असाच प्रताप असतो. एका क्लासवाल्यांनी एका पीसीवरून दोन खोल्यांतले दोन टीव्ही चालवायला स्प्लिटर बसवला होता. महिनोन्महिने ठीक चाललं. मग एका खोलीतला टीव्ही दुरुस्तीला गेला आणि तात्पुरता म्हणून त्यांनी तिथे कन्व्हर्टरनं एक जुना मॉनिटर लावला. त्या दिवसापासून दुसऱ्या खोलीतल्या धडधाकट टीव्हीचाही आवाज बंद! त्यांनी टीव्हीवाल्याला बोलावलं, त्यानं बोर्ड बदलायला सांगितलं. प्रत्यक्षात तो स्प्लिटर पहिल्या पोर्टवरच्या मॉनिटरची कुंडली वाचून तीच पीसीला दाखवत होता, आणि त्या मॉनिटरला आवाजाचं अंगच नव्हतं. दोन केबलींची अदलाबदल केली, पहिल्या पोर्टवर टीव्ही आला, आवाज परतला. तुमच्याकडे मध्ये स्प्लिटर, स्विच, होम थिएटर असं काहीही असेल तर आधी ते काढा आणि केबल सरळ जोडा.

आता फॉरमॅटबद्दल. विंडोज नव्यानं टाकलीत ते समजू शकतो, वैतागलं की माणूस तेच करतो. पण त्यात नवी अडचण तयार झाली असण्याची शक्यता आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स' खाली काय लिहिलंय ते पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असेल, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. हा बेसिक ड्रायव्हर चित्र दाखवण्यापुरता कामचलाऊ असतो, आवाजाची ती विचारपूस तो करत नाही. एनव्हिडियाच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या आणि टाकताना 'कस्टम' निवडा. तिथे 'एचडी ऑडिओ ड्रायव्हर' ही वेगळी ओळ असते. तिच्यावरची टिक काढू नका. 'नको ते ओझं कशाला' म्हणून लोक ती काढतात आणि मग सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात. खाली 'क्लीन इन्स्टॉलेशन'चा पर्याय असेल तर तोही घ्या.

आता तो अपवाद, ज्याची मला शंका आहे.

एएमडीनं विकत घेतलेल्या एटीआयनं २००७ च्या रेडिऑन एचडी २००० मालिकेपासून चिपमध्येच साउंड कार्ड द्यायला सुरुवात केली. एनव्हिडियाला दोन वर्षं जास्त लागली. त्यांची २००९ च्या अखेरीस आलेली २१०, जीटी २२०, जीटी २४० ही कार्डं आणि त्यानंतरची मंडळी आपला आवाज आपण तयार करतात. त्याआधीच्या ८००० आणि ९००० मालिकेत, म्हणजे ८८०० जीटी, ९५०० जीटी, ९६०० जीटी, ९८०० जीटी यांत आवाज तयार करणारं काहीच नव्हतं. त्या वेळी जुगाड असा होता, की मदरबोर्डवरच्या 'एसपीडीआयएफ आउट' नावाच्या, डिजिटल आवाज बाहेर देणाऱ्या पिनांपासून कार्डाच्या कडेवरच्या दोन पिनांपर्यंत एक दोन तारांची बारीक वायर लावायची. आवाज तयार करायचा मदरबोर्डनं, कार्डानं तो फक्त चित्राबरोबर पुढे ढकलायचा. ही वायर कार्डाच्या खोक्यात यायची. आता सेकंडहँड व्यवहारात खोकं कुणी देतं का? कार्ड हातात येतं, वायर आधीच्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये.

नंबर मोठा म्हणजे कार्ड नवं, असंही समजू नका. जीटीएस २५० हे नाव २२०-२४० च्या पंगतीतलं वाटतं, पण २००९ च्या मार्चमध्ये आलेलं ते कार्ड म्हणजे ९८०० जीटीएक्स प्लसचंच नवं बारसं. त्यालाही वायरच लागते. जीटीएक्स २६० आणि २८० यांनाही.

तुमचं कार्ड या पिढीतलं निघालं, तर साउंडच्या यादीत टीव्हीचं नाव कधीच दिसणार नाही, ड्रायव्हर कितीही वेळा टाका. मग कॅबिनेट उघडा. पण त्याआधी पीसीची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. कार्डाच्या वरच्या कडेला एक छोटं दोन पिनांचं सॉकेट दिसेल. मदरबोर्डवर 'एसपीडीआयएफ' छापलेल्या पिना शोधा, बहुधा खालच्या कडेला असतात. आणि इथे माझं ऐका: त्या गटात बऱ्याच बोर्डांवर एक पिन ५ व्होल्टची असते. आपल्याला ती नकोय. आपल्याला सिग्नल आणि ग्राउंड एवढ्याच दोन हव्यात. ५ व्होल्ट कार्डाच्या सिग्नलला गेले तर कार्डाचं काही खरं नाही. कुठली पिन कसली ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि बोर्डाचा नंबर टाकला की मॅन्युअल सापडतं. अंदाजानं लावू नका. मी सुद्धा बघूनच लावतो.

वायर लागली की साउंडच्या यादीत 'रिअलटेक डिजिटल आउटपुट' निवडायचं. होय, रिअलटेक! वर म्हटलं होतं ना, नियम उलटा होतो, तो इथे. एरवी नव्या कार्डावर लोक हेच 'डिजिटल आउटपुट' निवडतात, 'डिजिटल' म्हणजे एचडीएमआयच असणार असं समजून, आणि फसतात. कारण एरवी ते मदरबोर्डच्या ऑप्टिकल सॉकेटचं नाव असतं. फक्त या जुन्या दोन-तारी व्यवस्थेतच ते बरोबर ठरतं.

केबलच्या टोकाकडे येऊ. कार्डाकडे डीव्हीआय आणि टीव्हीकडे एचडीएमआय असेल, तर डीव्हीआयच्या नियमात आवाज नाही, पण अनेक कार्डं ते मोडून टीव्ही दिसला की आवाजही देतात. तुमचं देईल का, ते कार्डावर. कार्डाला एचडीएमआय सॉकेट मोकळं असेल तर सरळ तेच वापरा आणि हा वाद मिटवा. व्हीजीएपासून एचडीएमआयचा डबीवाला कन्व्हर्टर असेल, तर व्हीजीए या जुन्या, चित्रापुरत्या सॉकेटमधून आवाज येणं शक्यच नाही. त्या डबीला बाजूला एक छोटा जॅक असतो, त्यात पीसीच्या हिरव्या जॅकमधून वायर आणावी लागते. जॅक नसेल तर ती डबी मुकीच. डिस्प्लेपोर्टमधून आवाज जातो, पण स्वस्तातली अडॅप्टरं कधी कधी तो गिळतात.

टीव्हीकडे फार वेळ घालवत नाही, कारण सेट-टॉप बॉक्सवर तुमचा टीव्ही बोलतो. पण तो प्रयोग तुम्ही अर्धाच केलात. सेट-टॉप बॉक्स बहुधा दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या केबलनं लावलेला असणार. आता पीसीची केबल पीसीकडून काढा आणि तेच टोक सेट-टॉप बॉक्सला लावा, टीव्हीचं पोर्ट बदलू नका. आवाज आला तर केबल आणि पोर्ट दोन्ही एका फटक्यात सुटले. नाही आला तर त्या पोर्टकडे बघा. जुन्या एलसीडींमध्ये एका एचडीएमआय सॉकेटवर 'डीव्हीआय' असंही छापलेलं असतं आणि जवळ एक आवाजाचा जॅक असतो. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टला 'डीव्हीआय' असं नाव दिलं, तर काही टीव्ही एचडीएमआयमधला आवाज सोडून त्या जॅकमधून आवाजाची वाट बघत बसतात. नाव बदला किंवा केबल दुसऱ्या पोर्टला लावा. टीव्हीची 'साउंड आउटपुट' सेटिंगही बघून घ्या. साउंडबार काढून टाकलाय पण टीव्ही अजून त्यालाच आवाज पाठवतोय, हे घरोघरी असतं.

केबल काढता-घालताना मात्र एक पथ्य. पीसी आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढून मगच एचडीएमआय लावा. आपल्याकडे पुष्कळ घरांत अर्थिंग नावालाच असतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यात टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची वायर, ती बाहेर कुठे टेकलेली देवच जाणे. दोन्हीकडच्या व्होल्टेजमधला फरक एचडीएमआयच्या पिनांमधून वाट काढतो, आणि पोर्ट जातं. कुंडली वाचायच्या त्या बारीक तारांमागची चिप अशा झटक्यात सहज मरते. पावसाळ्यात विजा पडल्या की पुढचे दोन दिवस माझ्याकडे अशी पोर्टं येत राहतात.

प्लग काढलेच आहेत, तर पाच मिनिटं तसेच राहू द्या. मग केबल लावा, आधी टीव्ही चालू करा, त्यावर पीसीचं पोर्ट निवडा, मग पीसी. कधी कधी पीसी आधी सुरू झाला आणि टीव्ही झोपलेला होता, एवढ्यावरूनही कार्ड 'समोर कुणी नाही' असं ठरवून मोकळं होतं. रिमोटनं बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो, म्हणून प्लग.

अजून एक वेगळाच प्रकार: यूट्यूबला आवाज येतो, पण एखादा सिनेमा लावला की शांतता. तेव्हा जोडणी ठीक आहे. प्लेअरमध्ये 'पासथ्रू' चालू असेल, म्हणजे डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता जसाच्या तसा टीव्हीकडे पाठवला जात असेल, आणि तुमच्या टीव्हीला ती भाषा येत नसेल. पासथ्रू बंद करा, उलगडायचं काम पीसीला करू द्या. साउंडच्या खिडकीत टीव्हीवर डबल क्लिक करून 'ॲडव्हान्स्ड'मध्ये १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा आणि 'कॉन्फिगर'मध्ये स्टिरिओ. लिनक्सवाल्यांनी 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल'च्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये जाऊन कार्डाचं प्रोफाइल एचडीएमआयवर आणावं. कार्डाला तीन-चार सॉकेटं असतील तर एचडीएमआय २, एचडीएमआय ३ अशी प्रोफाइलंही दिसतात, एकेक करून पाहायची.

आणि एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर कार्डाला पूर्ण बाजूला करणारा एक प्रयोग तुमच्या हातात आहे. तुमचा आय-५ आहे. त्याच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर नसेल आणि तो अगदी पहिल्या पिढीतला जुना नसेल, तर त्यात बहुधा इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि त्याला स्वतःचा एचडीएमआय आवाजही. कार्ड काढून ठेवा, मदरबोर्डवर एचडीएमआय सॉकेट असेल तर तीच केबल तिथे लावा, इंटेलचा ड्रायव्हर टाका. टीव्हीतून आवाज आला तर टीव्ही आणि केबल निर्दोष, संशय कार्डावर. मग तुम्ही गेम खेळत नसाल, नुसते सिनेमे आणि यूट्यूबच बघणार असाल, तर ते जुनं कार्ड पुन्हा घालायची गरज आहे का हेही बघा. ९००० मालिकेतलं कार्ड वीज खातं, गरम होतं, आणि अशा कामात इंटेलचं साधं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा बरं चालतं. काही स्वस्त बोर्डांवर फक्त व्हीजीए असतं, तसं असेल तर हा रस्ता बंद.

तेव्हा मला तीन गोष्टी कळवा: कार्डाच्या स्टिकरवर लिहिलेलं मॉडेल, केबलच्या दोन्ही टोकांचे आकार, आणि गाणं चालू असताना साउंडच्या खिडकीत कुणाची पट्टी हिरवी नाचतेय ते. डिस्प्ले ॲडॉप्टरखाली काय लिहिलंय तेही बघितलंत तर उत्तम. कार्ड ९००० मालिकेतलं निघालं तर मदरबोर्डचा नंबरही पाठवा, कुठल्या दोन पिना ते मॅन्युअल बघून सांगतो. तोवर रिअलटेकला हात लावू नका.